वेताळाचा पहिला प्रश्न



मी बनारसहून बोलतेय. मधेच घंटा ऐकू येईल, मधेच माकडं शेजारच्या पत्र्यावर उड्या मारतील, त्याला माझ्याकडे इलाज नाही. आणि माझ्या मराठीत हिंदी शिरली तर हसा, पण समजून घ्या. आमचं घर ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत. पणजोबांच्याही आधी कोणीतरी काशीवासाला म्हणून इकडे आलं आणि परत जायचं राहून गेलं. अशी बरीच मराठी घरं आहेत इथे, दुर्गाघाट, पंचगंगा, ब्रह्माघाट या पट्ट्यात.

आयोजकांनी विषय दिला, ‘पुन्हा वाचलेलं पुस्तक’. मी म्हटलं, बाबांनो, माझी आवडती पुस्तकं चारचौघांत सांगण्यासारखी नाहीत. रक्त पिणारे सरदार, चेटकिणी, पडके वाडे, मध्यरात्री वाजणारी दारं. ते म्हणाले, त्यावरच बोला. तर आता ऐका.

धंदा सांगून ठेवते, पुढे उपयोगी पडेल. मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, त्यातली बरीच रक्तपेढीत. दिवसभर रक्त आणि रात्री ‘ड्रॅक्युला’. घरचे म्हणायचे, हिला वेगळी नोकरी मिळालीच नसती.

वाचनाची सुरुवात तुमच्यासारखीच, चांदोबापासून. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे झाड, ते शंकर यांनी काढलेलं चित्र आठवतंय ना? मग १९८५ साली दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ आलं. रामानंद सागरांचं. अरुण गोविल राम व्हायच्या आधी आमच्यासाठी विक्रम झाले होते. गल्लीत टीव्ही मोजके, त्यामुळे एकेका खोलीत पंचवीस-तीस पोरं. आणि उन्हाळ्यात पुण्याहून मामा यायचा, तो पिशवीतून नारायण धारप आणायचा. आईला दाखवायचा नाही. ‘लुचाई’ मी पाण्याच्या टाकीमागे बसून वाचली आणि पुढचे आठ दिवस संध्याकाळनंतर जिना उतरले नाही. ती स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे, हे फार उशिरा कळलं. कळल्यावर थोडा राग आला आणि मग वाटलं, राग कशाला? भीती तर मराठीतच वाटली होती. ‘तुंबाड’ सिनेमा २०१८ मध्ये आला तेव्हा त्याच्या मागेही धारपांची एक गोष्ट आहे म्हणून मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगत सुटले होते, जसा काही सिनेमा मीच काढलाय.

आता पुन्हा वाचण्याचं. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तीन महिने घरी. माळ्यावरची ट्रंक खाली काढवली. धारप, मतकरींच्या गूढकथा, ‘ड्रॅक्युला’, ली फानूची ‘कार्मिला’, अ‍ॅन राईस, आणि सगळ्यात खाली कथासरित्सागराचा भाषांतरित खंड, वाळवीने कडा खाल्लेला. म्हटलं, चला, परत घाबरून घेऊ.

घाबरले, पण भलत्याच ठिकाणी.

आधी ‘ड्रॅक्युला’ घेतला. १८९७ चं पुस्तक. त्यात लूसी नावाची मुलगी पांढरीफटक पडत जाते आणि तिला रक्त देतात. कोणाचं? तिचा होणारा नवरा, मग डॉक्टर सेवर्ड, मग स्वतः प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग, मग तो अमेरिकन मॉरिस. चार पुरुषांचं रक्त, ज्याची बाही वर त्याचं. लहानपणी मला हे फार उदात्त वाटलं होतं. आता रक्तपेढीतली बाई जागी झाली. अहो, गट कुठे तपासला? लँडस्टायनरने रक्तगट शोधले ते १९०० नंतर, म्हणजे स्टोकरला ते माहीत असणं शक्य नव्हतं, मान्य. पण माझ्या डोक्यातून जाईना, की ही पोर ड्रॅक्युलामुळे गेली की उपचाराने? पुढे तर तिच्या छातीत खुंटी ठोकतात, तीही त्याच नवरदेवाच्या हातून. आणि सगळेजण सुटकेचा श्वास टाकतात.

मग लक्षात आलं, की ते पूर्ण पुस्तक कागदपत्रांचं आहे. जोनाथनची रोजनिशी, मीनाची रोजनिशी, सेवर्डच्या फोनोग्राफवरच्या नोंदी, तारा, कात्रणं. सगळ्यांना बोलायला मिळतं. लूसीचीही पत्रं आहेत. ज्याच्या नावाचं पुस्तक त्याची मात्र एक ओळही रोजनिशी नाही. तो सुरुवातीला किल्ल्यात बोलतो तेही जोनाथनच्या वहीतून. आणि शेवटी, सात वर्षांनंतरच्या टिपणात, जोनाथन स्वतःच कबूल करतो की आमच्याकडे अस्सल कागद असा जवळजवळ उरलेलाच नाही, सगळं टाइप केलेलं आहे. म्हणजे मूळ नमुना गहाळ, फक्त रिपोर्ट शिल्लक! आमच्या लॅबमध्ये असा रिपोर्ट कोणी सही करून दिला असता तर त्याची नोकरी गेली असती.

मला ड्रॅक्युला निर्दोष ठरवायचा नाहीये. तो वाईटच आहे, पुस्तक तसंच आहे. पण माझी नजर त्याच्यावरून हलून त्या खोलीत बसलेल्या सभ्य मंडळींकडे गेली, ती परत फिरेना.

मग वाळवी लागलेला खंड उघडला.

आपला वेताळ इंग्रजीत ‘व्हॅम्पायर’ झाला, तो मुख्यतः रिचर्ड बर्टनमुळे. १८७० साली त्याने ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ काढलं, पंचवीसपैकी अकराच गोष्टी, त्याही स्वतःचा मसाला घालून. शब्द तसा चुकलाच. वेताळ रक्त पीत नाही. तो प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लटकतो आणि बोलतो. मुख्य म्हणजे बोलतो. गोव्यात आणि कोकणात तर त्याची देवळं आहेत, तो गावाची राखण करतो. पुण्यात वेताळ टेकडीवर लोक सकाळी फिरायला जातात म्हणे. ट्रान्सिल्व्हेनियात हे शक्य नाही. एक गंमत सांगते. ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा ब्रॅम स्टोकर लंडनच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक होता, नट हेन्री अर्व्हिंगचा माणूस. त्याने अर्व्हिंगच्या आठवणी लिहिल्या, १९०६ मध्ये. त्यात बर्टनशी झालेल्या भेटींचं वर्णन आहे, आणि त्याला त्यात काय लक्षात राहिलंय? बर्टन बोलताना दिसणारा त्याचा सुळा! यावरून मी काही सिद्ध करत नाही. पण वाचून टुणकन उठून बसले होते, गुडघा दुखत असताना.

तर सोमदेवाचा कथासरित्सागर. अकराव्या शतकात काश्मीरच्या राणी सूर्यवतीसाठी रचलेला. त्यातला प्रेत वाहून नेणारा राजा कुठला? उज्जैनचा नाही. गोदावरीच्या काठावरच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. आणि वेताळ त्याला पहिलीच गोष्ट सांगतो ती कुठली? वाराणसीची. मला कोण आनंद झाला. पैठण ते काशी ही आमचीच वाट. गागाभट्टांचे पूर्वज पैठणहून इथे आले, एकनाथांचं भागवत पुरं झालं ते इथेच. आणि वेताळही त्याच वाटेने गोष्ट सांगत निघालाय!

गोष्ट अशी. वाराणसीचा राजपुत्र वज्रमुकुट प्रधानपुत्राबरोबर शिकारीला जातो. तळ्यावर एक मुलगी दिसते. ती बोलत नाही, खुणा करते. कमळ कानावर ठेवते, त्याचा दंतपत्र नावाचा कानातला दागिना करते, दुसरं कमळ डोक्यावर ठेवते, हात हृदयावर. राजपुत्र नुसताच घायाळ. प्रधानपुत्र उकलून सांगतो. कर्णोत्पल राजाच्या राज्यातली, हस्तिदंताचं काम करणाऱ्याची मुलगी, नाव पद्मावती, जीव तुझ्यावर. दोघे कलिंग देशात जातात, एका म्हातारीकडे उतरतात, पुन्हा खुणांची देवाणघेवाण होते, राजपुत्राची आणि तिची भेट होते. मग पद्मावतीला कळतं की खुणा ओळखणारा दुसराच आहे. ती त्याला विष घातलेलं खाणं पाठवते. हो, पाठवते. ती काही गरीब गाय नाही.

प्रधानपुत्र वाचतो आणि डाव रचतो. राजपुत्राला सांगतो, तिला दारू पाज, झोपली की तापवलेल्या त्रिशूळाने तिच्या कमरेखाली डाग दे आणि दागिने घेऊन ये. नेमकं त्या दिवसांत कर्णोत्पलाचं तान्हं मूल दगावलेलं असतं. प्रधानपुत्र स्मशानात तपस्वी होऊन बसतो, राजपुत्राला चेला करतो आणि तिचा हार बाजारात विकायला पाठवतो. पकडले जातात. तपस्वी राजाला सांगतो, रात्री स्मशानात डाकिणी जमल्या होत्या, एकीने तुझं मूल आणून बळी दिलं, मी तिला त्रिशूळाने डागलं आणि हा हार काढून घेतला. राजा तपासायला लावतो. पद्मावतीच्या अंगावर डाग सापडतो! झाली डाकीण सिद्ध. तिला नागवी करून नगराबाहेर काढतात. बाहेर हे दोघे घोडा घेऊन उभेच. तिला वाराणसीला आणतात. तिकडे तिचा बाप, मुलीला श्वापदांनी खाल्लं असेल म्हणून झुरून मरतो, मागोमाग आई.

वेताळ विचारतो, या दोघांच्या मरणाचं पाप कोणाला? प्रधानपुत्राला, राजपुत्राला की पद्मावतीला? पैठणचा राजा म्हणतो, तिघांनाही नाही. राजा कर्णोत्पलाला. प्रधानपुत्र धन्याचं काम करत होता, ते दोघे प्रेमात आंधळे होते, पण राजाने हेर लावून खरंखोटं करायचं सोडून दिसलं त्यावर विश्वास ठेवला.

लहानपणी मला यात फक्त हुशारी दिसली. काय डोकं आहे प्रधानपुत्राला! मैत्रिणींना मी तेवढाच भाग सांगायचे. या वेळी त्रिशूळापाशी अडकले आणि पुढे वाचवेना. कारण बघा, पुरावा खोटा नाहीये. डाग खरोखर तिच्या अंगावर आहे. फक्त तो डाग आधी कोणी दिला हे कोणी विचारलं नाही. आणि ‘ड्रॅक्युला’त? व्हॅन हेल्सिंग मीनाच्या रक्षणासाठी तिच्या कपाळाला पवित्र भाकरीचा तुकडा लावतो आणि तिचं कपाळ भाजतं, डाग उठतो. ती किंचाळते, मी अपवित्र झाले. ज्याने लावला त्याला वाईट वाटतं, पण आता डाग आहे म्हणजे ती बिघडलेली आहे, हे सगळे धरून चालतात. बर्टनला हे जाणवलं असावं. त्याने या पहिल्या गोष्टीला मथळाच दिलाय, पुरुष बाईला फसवतो ती गोष्ट, असा.

आता इथे मला एक सांगायचंय, जे मी कधी सांगितलेलं नाही. व्हिडिओवर सांगणं सोपं जातं, समोर कोणी नसतं.

आमच्या वाड्यात तळमजल्यावर एक माई राहायच्या. विधवा, वऱ्हाडातल्या कुठल्याशा गावाहून काशीवासाला आलेल्या. अशा कितीतरी असायच्या तेव्हा. एक खोली, एक मांजर, एक तुळस. कार्तिकात पहाटे तीनला उठून पंचगंगेवर अंघोळीला जायच्या. मूल रडायला लागलं की आया त्यांच्याकडे आणायच्या, त्या मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायच्या. आम्ही पोरं त्यांना पाठीमागे चेटकीण म्हणायचो. मनात ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण, म्हणजे त्यात द्वेष नव्हता, मजाच होती.

१९८६ सालची गोष्ट. मी तेरा वर्षांची. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातलं तान्हं बाळ तापाने फणफणलं. माईंनी त्याची दृष्ट काढलेली होती. मी आणि माझा चुलतभाऊ धारप वाचून तयार. आम्ही ठरवलं, खरी चेटकीण असेल तर कळायलाच पाहिजे. देवघरातलं कुंकू घेतलं, लिंबाला टाचण्या टोचल्या आणि रात्री माईंच्या उंबऱ्यावर ठेवून दिलं. का? चेटकीण ते ओलांडू शकणार नाही, असा आमचा शोध. प्रयोगच म्हणा.

माई पहाटे निघाल्या, अंधारात ओलांडून गेल्या असणार. सकाळी ते बाळाच्या आईने पाहिलं. आणि मोठ्यांनी त्याचा अर्थ आमच्या नेमका उलट लावला. माईंवर कोणी काही केलंय असं नाही, माईंनीच केलंय. दारातच तर होतं. कोणी भांडलं नाही. ‘चेटकीण’ हा शब्द एकाही मोठ्या माणसाने तोंडातून काढला नाही. फक्त ‘त्यांच्या हातचं नको’ इतकंच. बाळाला टायफॉइड होता, औषधाने बरं झालं. तरी त्यानंतर माईंकडे कोणी मूल नेलं नाही. मला वाटतं, त्यांना कारण कधी कळलंच नाही. एकदा मला म्हणाल्या, ‘बाळ कसं आहे गं? आणत नाहीत हल्ली.’ मी म्हटलं, ‘बरं आहे.’ वर्षाच्या आत त्या खोली सोडून दुसऱ्या घाटावरच्या एका मठात गेल्या. मी कॉलेजात असताना वारल्याचं कळलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, खांदा द्यायला गेले होते. मी बोलले नाही. चुलतभाऊही नाही. त्याला परवा विचारलं तर तो म्हणाला, असं काही झालंच नव्हतं. मला तेही पटून जाईल की काय, याची धास्ती वाटली.

हे एका वाड्यातलं, थोडक्यात आटपलेलं. नंदुरबारच्या सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवतात तेव्हा थोडक्यात आटपत नाही. मारहाण होते, गाव सोडावं लागतं, जीव जातो. शब्द तोच, सोमदेवाच्या डाकिनीचा. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्टला हत्या झाल्यानंतर. एखाद्यावर करणी केल्याचा आरोप करून त्याचं जगणं मुश्कील करणं, हाही त्यात गुन्हा आहे. इथून जवळ बिहारमध्ये डायन ठरवण्याविरुद्धचा कायदा १९९९ चा. कर्णोत्पलाने जे केलं नाही ते करायला लावण्यासाठी कायदा करावा लागला, अकराव्या शतकात उत्तर लिहून ठेवलेलं असताना. पैठणच्या राजाचं उत्तर मला या वेळी अर्धंच वाटलं, हेही सांगते. राजाने चौकशी केली नाही हे बरोबर. पण डाग देणारा ‘धन्याचं काम करत होता’ म्हणून सुटला, हे मला पटत नाही. तेरा वर्षांची मुलगी म्हणून मी सुटते का? वेताळाने तो पर्याय दिलाच नाही.

मग ही पुस्तकं फेकून दिली का? अजिबात नाही. सगळीच काही खुंटी ठोकणारी नाहीत. अ‍ॅन राईसचं ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ १९७६ चं. त्यात लुई नावाचा व्हॅम्पायर एका पोराच्या टेपरेकॉर्डरसमोर बसून रात्रभर आपली कहाणी सांगतो. म्हणजे वेताळच की! फक्त प्रश्न विचारणारा बदलला. त्यातली क्लॉडिया ही लहान मुलगी, कायमची लहानच राहणारी, मला पूर्वी भयानक वाटायची. राईसची स्वतःची मुलगी १९७२ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली होती, सहा वर्षांचीही झाली नव्हती. रक्तपेढीत मी अशा मुलांच्या पिशव्या भरून दिल्यात. ते पुस्तक मी आता भीतीसाठी वाचत नाही.

आणि इथे बनारसमध्ये पिशाचमोचन नावाचं कुंड आहे. अकाली गेलेल्यांसाठी लोक तिथे त्रिपिंडी श्राद्ध करायला येतात, पितृपक्षात तर उभं राहायला जागा नसते. तिथल्या पिंपळाच्या खोडात खिळे ठोकलेत, नाणी बसवलीत. ते बघून मला नेहमी लूसी आठवते. इथे खिळा झाडात जातो. भुताचं काही देणं राहिलं असेल, ते फेडा, त्याला जागा द्या, जाऊ द्या, असा हिशेब. मी श्रद्धाळू नाही, लॅबवाली आहे. पण गेल्या सर्वपित्रीला मी माईंच्या नावाने तिथे गेले. गोत्र विचारलं गुरुजींनी. मला त्यांचं आडनावसुद्धा माहीत नव्हतं.

अलीकडे भाची आली होती, अकरा वर्षांची. तिला भुताची गोष्ट हवी होती. पद्मावतीची सांगितली, त्रिशूळ जरा सौम्य करून. राजाचं उत्तर सांगितलं, वेताळ परत झाडाला जाऊन लटकला म्हटलं. ती म्हणाली, ‘पण आत्या, तिला तिचे आईबाबा गेल्याचं कळलं का?’

मी उठून खंड काढला, चष्मा लावला, पान पाहिलं. तिथे वेताळ झाडाकडे निघून गेलेला आहे आणि राजा पुन्हा त्याला आणायला चाललाय. पद्मावतीचं पुढे काहीच नाही. भाचीला म्हटलं, लिहिलेलं नाही गं. ती म्हणाली, ‘मग तू विचार ना कोणाला तरी.’